जावळ निघेपर्यंत

सुचित्राला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, ते साल दोन हजार बावीस. श्रावण महिना होता. दोन वर्षं रोगराईपायी लहान-लहान मूर्ती बसवून हिरमुसलेल्या लालबाग-परळात त्या साली पुन्हा उंच गणपती निघायचे होते, त्यामुळे मूर्तींच्या कारखान्यांत उसंत म्हणून नव्हती. सुचित्राच्या भावाला, दीपकला, फोन गेला तेव्हा तो एका उंच मूर्तीच्या खांद्यावर बसून काचपेपर मारत होता. "मामा झालो रे!" असा तिथूनच ओरडला, शिडीची पायरी चुकला आणि घसरत थेट बाप्पाच्या मांडीवर येऊन बसला. हाडबीड काही मोडलं नाही. मालक मात्र शिव्या देत धावत आला आणि बातमी ऐकून त्याने स्वतःच्या खिशातून पेढे मागवले.

ही गोष्ट काळाचौकीच्या चाळीत त्या दोघांच्या आईने, रमाबाईंनी, इतक्या वेळा सांगितली की शेजारणी पुढचं वाक्य आधीच बोलायच्या. सांगताना रमाबाई शेवटी एकच म्हणत, "बाप्पाने मांडी दिली माझ्या पोराला. आता त्याच्या मांडीवर भाचीचं जावळ निघालं की मी सुटले."

मुलाचे पोटातून आलेले पहिले केस, ते जावळ. ते मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, ही रीत. रमाबाईंना दोनच मुलं. नवरा, धोंडू परब, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते गिरणी बंद पडल्यावर खचले आणि पुढे काही वर्षांनी गेले. तेव्हापासून रमाबाईंना एकच धास्ती होती: आपण गेल्यावर ही दोघं एकमेकांच्या दारात पाय ठेवतील की नाही? सुचित्रा शिकली, बँकेत लागली, दादरला चांगल्या घरात पडली. दीपक दहावीला दोनदा आपटला आणि प्लॅस्टरच्या धुळीत शिरला तो तिथलाच झाला. भांडण असं कधी नव्हतं. पण भांडण नसलं तरी माणसं लांब जातातच. जावळाच्या दिवशी मुलीला मामाच्या मांडीवर ठेवलं की निदान एक गाठ पक्की बसेल, एवढंच रमाबाईंचं म्हणणं.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

दीपक मूळचा मोठा नटवा. खिशात कायम कंगवा, केसांचा कोंबडा काढलेला, दर रविवारी गुळगुळीत दाढी. पण तीन वर्षांपूर्वी त्याने न्हाव्याकडे जाणंच सोडलं होतं. केस मानेखाली आले, दाढी छातीवर उतरली. त्यात दिवसभर प्लॅस्टरची पांढरी भुकटी बसायची. साच्याला बळकटी यावी म्हणून प्लॅस्टरमध्ये नारळाचा काथ्या भिजवून घालतात, त्याचे धागेही दाढीत अडकलेले असायचे. चाळीतली पोरं त्याला "ए काथ्या" म्हणून हाक मारत.

भाचीच्या, श्रेयाच्या, बारशाला तो दादरला गेला. अंघोळ करून, नवा शर्ट घालून गेला. पण पाळण्यातली पोर पाहिल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने तिला उचललं आणि गालाला गाल लावला. पोरीने टाहो फोडला. दाढी टोचली, शिवाय बोटाच्या भेगेचा खरखरीत कोपरा लागून गालावर लाल ओरखडा उठला. फोटोवाला तिथेच उभा होता. सुचित्राच्या सासूबाई, मायाताई, पुढे झाल्या आणि काही न बोलता त्यांनी पोरीला काढून घेतलं. दीपक जेवायलाही थांबला नाही.

ही दाढी कशासाठी, ते रमाबाई आणि दीपक या दोघांनाच ठाऊक होतं.

सुचित्राला दुसऱ्या वेळी दिवस राहिले आणि तेही टिकले नाहीत, त्या हिवाळ्यातली गोष्ट. इस्पितळातून ती माहेरी आली, भिंतीकडे तोंड करून निजली आणि आठवडाभर कुणाशी बोलली नाही. दीपक तिच्या उशाशी बसायचा, तिच्यासाठी चहा आणायचा, तो गार झाला की परत न्यायचा. पुढच्याच महिन्यात कोकणात गावी ग्रामदेवी सातेरीची जत्रा होती. मायलेक गेली. देवळात गर्दी ओसरल्यावर दीपकने स्वतःच देवीपुढे गाऱ्हाणं घातलं, "आई सातेरी, माज्या भयणीच्या पोटी मूल दी, नि ता टिकान दी. तेचा जावळ निघासर माज्या डोक्याक नि दाढयेक कात्री लागाची नाय." जावळ निघेपर्यंत केस-दाढी राखायचा नवस बोलून तो मागे वळून आईला म्हणाला, "आये, कुणाक बोलायचा नाय. सुचीला तर अजिबात नाय. ज्याच्यासाठी बोललो त्याला कळलं तर देवी मान्य करत नाय."

रमाबाईंनी देवीसमोरच मान डोलावली होती.

श्रेयाला नववा महिना लागला तो वैशाखात. उकाडा मी म्हणत होता आणि पोरीच्या डोक्यात घामोळं उठलं होतं. जावळ काढायचं ठरलं. मग एके दुपारी सुचित्राचा फोन आला.

"आई, रविवारी करतोय. पण एक सांगू? रागावणार नसशील तर."

"सांग."

"मांडीवर माझ्या मावसभावाला बसवूया का? तोही मामाच लागतो लांबून. दीपक खूप रफ दिसतो गं. घरात पाहुणे असणार, आणि श्रेया बारशापासून दाढीवाला दिसला की रडते. वॉचमनला बघूनही रडते."

"सख्खा मामा असताना उसना मामा?"

"मला पण बरं वाटत नाही, आई. पण तूच सांग, त्याला काय झालंय? आधी किती व्यवस्थित राहायचा. विचारलं तर हसतो. मला वाटतं आता त्याला आमच्यापुढे लाजच वाटत नाही."

रमाबाई ठेवते म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रमाबाई गेली पंधरा वर्षं आठवड्यातून तीन दिवस गिरगावात एका ख्रिस्ती वाडीत रोझबाईंकडे पोळ्या-कालवण करायला जात. रोझबाई इंग्रजीच्या मास्तरीण होत्या, आता निवृत्त, एकट्या. त्यांनीच साठीला आलेल्या रमाबाईंना अक्षरं शिकवली होती. शिकवायची पद्धत सोपी होती. भाकरीच्या पिठात बोटाने अक्षर काढायचं, जमलं तर ते पीठ मळायचं, नाही जमलं तर पुसून पुन्हा काढायचं. पहिले दोन महिने रोझबाईंना जेवायला फार उशीर होई.

दुसऱ्या दिवशी बांगड्याचं कालवण गॅसवर ठेवून रमाबाईंनी विचारलं, "बाई, रफ म्हणजे काय हो?"

"रफ? तुला ठाऊक नाय? रफ वही, रफ काम."

"ते ठाऊक आहे. कारखान्यात पण म्हणतात, मूर्ती अजून रफ आहे, घासायची बाकी आहे. पण माणसाला म्हणतात तेव्हा?"

रोझबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण बोलला गो? तुला बोलला?"

"मला बोलले असते तर मी इथे विचारायला आले असते का? तिथेच निपटलं असतं."

रोझबाई हसल्या. "चष्मा दे माझा, जवळचा." मग कपाटातून जाडजूड कोश ओढून त्यांनी तो मांडीवर घेतला. त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मुली मोठ्या होऊन पांगल्या होत्या. विचारणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे कुणी शब्द विचारला की त्यांना सण वाटे.

"बघ, आज हा शब्द दहा ठिकाणी नाचतो. खडबडीत रस्ता, तो रफ. समुद्र खवळला, तो रफ. अंदाजाने सांगितलेला हिशेब, तो रफ. कच्चं चित्र, वाईट गेलेला दिवस, घोगरा आवाज, धसमुसळा माणूस, सगळे रफ. पण हे सगळं मागनं आलं. अगदी पहिल्याने, हजार वर्षांमागे, तिकडचे लोक ज्याच्या अंगावर खूप केस आहेत त्याला असं म्हणायचे."

रमाबाईंच्या हातातली पळी थांबली. "केस?"

"केस. लव. केसाळ जनावर, न कातरलेलं मेंढरू, जाडंभरडं कापड, न छाटलेलं झाड. कात्री नाय लागली, तो रफ. त्यात वाईट काय नव्हतं. हात लावला की खरखर लागते, म्हणून मग रस्त्याला म्हणायला लागले, मग दर्याला, मग माणसाच्या वागण्याला. आणि हे शेवटचं अक्षर बघ, आता आपण फ म्हणतो. पूर्वी ते घशातून काढायचे, असं..." रोझबाईंनी घसा खरवडून असा काही आवाज काढला की त्यांना ठसकाच लागला आणि रमाबाईंना पाणी घेऊन धावावं लागलं.

"पुरे, पुरे, बाई! शब्दापायी जीव जायचा."

"आणि काही पंडित म्हणतात," रोझबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचा तो रूक्ष शब्द आहे ना, त्याचा हा लांबचा भाऊ. सगळे नाय म्हणत, काही म्हणतात."

रमाबाई पळीकडे पाहत राहिल्या. कात्री नाही लागली तो. पोराला नेमकं काय म्हटलं गेलं होतं, ते म्हणणाऱ्या मुलीलाही माहीत नव्हतं.

रात्री त्यांनी सुचित्राला फोन लावला आणि मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. हजार वर्षं, मेंढरू, न छाटलेलं झाड. सुचित्राने शांतपणे ऐकलं आणि मग ती हसली.

"आई, तू रोझटीचरकडे जाऊन जाऊन डिक्शनरीच झालीस. हजार वर्षांपूर्वी काय होतं त्याचं मी काय करू? पाहुणे आत्ता येणार आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "हे बघ, मला पण तोच हवाय. लहानपणी माझी वेणी तोच घालायचा, तू कामाला गेलीस की. त्याला सांग, केस कापून ये, दाढी करून ये. एवढंच. मग तोच बसेल मांडीवर. सासूबाईंना मी सांभाळते."

रमाबाईंनी कपाळावर हात मारला. मुलगी चार पावलं पुढे आली होती, पण नेमक्या खड्ड्यात.

दीपक कामावरून आला. मोरीत तोंड धुऊन बसल्यावर त्याला सांगितलं. त्याने भाताचं ताट पुढे ओढलं.

"आये, ते होणार नाय."

"एक दिवसाचा प्रश्न आहे रे. सकाळी कापायचे, दुपारी तिचं जावळ. देवी काय घड्याळ लावून बसली आहे?"

"जावळ निघेपर्यंत नाय म्हणजे नाय. तेव्हा तू बाजूला होतीस."

"मग नको बसू मांडीवर! बस इथे माझ्या उरावर!"

"मूल टिकलं ना? मग झालं की." त्याने भात कालवला. "बसू दे कुणालाही. जावळ निघालं की तू मला मिसकॉल दे. मी इकडे नाक्यावर बसून कापून घेईन."

तो हे अगदी साधेपणाने बोलला, आणि म्हणूनच रमाबाईंना ते सोसवेना. नाक्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीत फोन हातात धरून मिसकॉलची वाट बघणारा आपला पोरगा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी ताट सारलं.

शनिवारी सकाळीच त्या बसने दादरला गेल्या. सुचित्राने दार उघडलं. आत मायाताई पाटावर नारळ, तांदूळ, हळदकुंकू मांडून ठेवत होत्या. श्रेया जमिनीवर पालथी पडून एका वाटीशी झगडत होती. तिचं जावळ घामाने कपाळाला चिकटलं होतं, काळंभोर, रेशमासारखं.

रमाबाई सुचित्राला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "तो दाढी काढणार नाही," त्या म्हणाल्या.

"का पण? एवढं काय आहे त्या दाढीत?"

"माझं एवढंच मागणं. न्हावी एकच असू दे. आधी पोरीचं निघू दे, मग तिथेच, त्याच पाटावर, तो आपले काढील. सगळ्यांसमोर. फक्त आधी पोरीचं."

"आई, याला काय अर्थ आहे? सरळ सांग ना."

"मला बोलायची बंदी आहे."

"कुणाची बंदी? दीपकची?"

ओट्यावर एक पाण्याचा थेंब होता, तो रमाबाईंनी पदराने टिपला, मग नसलेला दुसरा टिपला.

सुचित्रा दादरची झाली होती, बँकेत साहेबीण झाली होती, पण होती परबांचीच. आई कुणापुढे अशी गप्प होते ते तिला माहीत होतं. आईने नवऱ्याला भीक घातली नव्हती, गिरणीच्या जॉबरला, त्या मुकादमाला, घातली नव्हती, आणि दीपकला तर लाटण्याने हाणलं होतं. आईला गप्प करणारी एकच होती, आणि ती गावच्या देवळात बसलेली होती.

"सातेरी?" तिने अगदी हळू विचारलं.

रमाबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

सुचित्रा ओट्याला टेकली. तिच्या डोळ्यांत काहीतरी मागे मागे जात होतं. केस कधी वाढायला लागले ते ती आठवत होती. तिला चहाचा कप आठवला, गार झाला की परत नेणारा. तेव्हा भाऊ गुळगुळीत दाढीचा होता. त्यानंतर तिने त्याला तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "तू काही बोलली नाहीस आणि मला काही कळलं नाही. कळलं का?"

"कळलं," रमाबाई म्हणाल्या.

सुचित्राने नळाखाली तोंड धुतलं, पदर नव्हताच म्हणून ओढणीनेच पुसलं आणि बाहेर जाऊन सासूसमोर उभी राहिली.

"आई, एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे कोकणात रीत आहे. मामाने भाचीच्या जावळाआधी केस कापायचे नसतात. दाढीसुद्धा नाही. एकाच न्हाव्याने आधी बाळाचं काढायचं, मग मामाचे."

मायाताईंनी कुंकवाची डबी खाली ठेवली. "म्हणजे तुझा भाऊ तो एवढा... त्यासाठी?"

"हो."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं?" मायाताईंचा चेहराच बदलला. "मी आपली मनातल्या मनात काय काय बोलत होते त्याला. रीत ती रीत, त्यात लाजायचं काय? बारशालाच सांगायचंस. मी सगळ्यांना सांगितलं असतं." मग रमाबाईंकडे वळून, "विहीणबाई, तुमच्याकडे आणखी काही असतं का? आत्ताच सांगा. नारळ किती लागतात?"

रमाबाई क्षणभर गांगरल्या. मग म्हणाल्या, "दोन लागतात. एक पोरीचा, एक मामाचा." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक रीत जागच्या जागी तयार केली होती, आणि ती इतकी शोभली की त्यांनाच खरी वाटली.

रविवारी दीपक आला तो तसाच, जटा आणि दाढी घेऊन. फक्त हात वेगळे होते. रात्री हाताला खोबरेल चोपडून, वर जुन्या चिंध्या गुंडाळून तो झोपला होता, भेगा मऊ पडाव्यात म्हणून. पाहुणे त्याच्याकडे आदराने पाहत होते, कारण मायाताईंनी प्रत्येकाला दारातच कोकणातली रीत समजावून सांगितली होती. त्याला काही उमगेना. तो आईच्या कानाशी आला.

"आये, बोललीस काय तू?"

"एक अक्षर नाही. सातेरीची शपथ."

आणि ते खरंच होतं.

तो पाटावर बसला. रमाबाईंनी त्याच्या मांडीवर आपलं मऊ जुनं लुगडं घडी करून अंथरलं. सुचित्राने श्रेयाला आणून ठेवलं आणि सगळे रडण्याची वाट बघू लागले. दीपकने श्वास रोखून मान मागे नेली, दाढी तिला लागू नये म्हणून. पोरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग हात वर केला, दाढी मुठीत धरली आणि सोडलीच नाही. न्हाव्याचं सगळं काम होईपर्यंत ती दाढी ओढत बसली होती. दीपकच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ओढल्यामुळे की कशामुळे, हे कुणी विचारलं नाही.

मग सुचित्राने पोरीला उचललं आणि न्हाव्याने त्याच पाटावर दीपकचे केस उतरवले. एका कापडावर दोन ढीग पडले. एक रेशमासारखा, वीतभर जागेत मावणारा. दुसरा राठ, प्लॅस्टरच्या भुकटीने कुठे कुठे पांढरा, त्यात काथ्याचा एक धागाही होता. रमाबाई ते बघत असताना त्यांच्या मनात आलं, रोझबाईंना हे दाखवायला हवं होतं. शब्दाचा अर्थ कोशात बघण्यापेक्षा इथे बघितला असता.

केस उतरवून दाढी काढलेला दीपक ओळखू येईना. चेहरा बारीक, हनुवटी पांढरीफटक. "ये मामाकडे," म्हणत त्याने हात पुढे केले. श्रेयाने त्या परक्या, गुळगुळीत माणसाकडे पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या बिऱ्हाडातून कुणीतरी डोकावून गेलं.

"घ्या!" दीपक म्हणाला. "आता पुन्हा वाढवू काय?"

"मेल्या, पुरे झालं," सुचित्रा म्हणाली आणि भावाच्या तुळतुळीत डोक्यावर तिने एक टपली मारली. मग तिथेच हात ठेवून ती जरा वेळ उभी राहिली. त्या दोघांत त्याबद्दल एवढंच बोलणं झालं. पुढेही कधी झालं नाही.

दोघांचे केस एकाच कापडात बांधून संध्याकाळी चौपाटीला समुद्रात सोडले. बहीणभाऊ गेले होते, रमाबाई दादरलाच पाय चेपत बसल्या होत्या. येताना ती दोघं भेळ खाऊन आली आणि आईसाठी बांधून आणायला विसरली, यावरून रमाबाईंनी दोघांनाही झापलं. मनातून त्या इतक्या खूश होत्या की रात्री बसने न जाता टॅक्सी करून गेल्या.

त्या रीतीचं मात्र पुढे वेगळंच झालं. मायाताईंच्या भाचीला दोन वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा मायाताईंनी त्या बाळाच्या मामाला, एका विमा कंपनीतल्या चांगल्या टापटीप पोराला, सहा महिने दाढी वाढवायला लावली. "परबांकडे असतं असं, फार लाभतं," म्हणाल्या. कचेरीत त्याच्या साहेबाने हरकत घेतली तर त्यालाही फोन करून ऐकवलं. दीपकला हे कळलं तेव्हा तो कारखान्यात जमिनीवर बसून हसला.

रोझबाईंना रमाबाईंनी सगळी हकिगत सांगितली होती. नवस फिटल्यावर सांगायला हरकत नव्हती. रोझबाई कोश पुढे ओढत म्हणाल्या, "माझ्या कोशात हा अर्थ नाय गो. मार्जिनमध्ये लिहून ठेवते." रमाबाई म्हणाल्या, "नको, पेन्सिलने लिहा, रफमध्ये." दोघी खूप हसल्या.

श्रेया तीन वर्षांची झाली, मामाकडे राहायला हट्ट करू लागली. दर शनिवारी सुचित्रा तिला काळाचौकीला सोडी आणि स्वतःही रात्रीचं जेवूनच जाई. दीपकने मग पुन्हा थोडी दाढी ठेवली होती, पोरीला ओढायला हवी म्हणून. रमाबाईंच्या दहाव्याला त्याने ती आणि डोक्यावरचे केस, दोन्ही काढले. घरी आल्यावर श्रेया त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मामा, आता कुणाचं जावळ होतं?" सुचित्रा बाजूला बसली होती. तिनेच उत्तर दिलं, "आजीचं."

रमाबाई धोंडू परब दोन हजार पंचवीस साली, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी, काळाचौकीच्या आपल्या खोलीत वारल्या. तेव्हा दोन्ही मुलं जवळ होती.